कार्डावरचं देणं

गेल्या आषाढात आमच्या कॉलनीतल्या एक काकू चार महिन्यांनी दुकानात आल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या. आल्या आल्या पर्स उघडली आणि म्हणाल्या, “वहिनी, माझे तीनशे चाळीस राहिलेत बघा होळीचे.” मी वहीत पान काढलं. हरभरा डाळ, गूळ, वेलदोडे, मैदा. बरोबर तीनशे चाळीस. त्यांनी पैसे दिले, मी पानावर आडवी रेघ मारली. मग त्या म्हणाल्या, “माझे पॉइंट किती झालेत? त्यात साबणाच्या दोन वड्या बसत असतील तर द्या.” मी कॉम्प्युटरवर त्यांचा नंबर घातला. शून्य. पुण्याला जाण्याआधी एकशे बारा होते. आमच्याकडे एक पॉइंट म्हणजे एक रुपया. नव्वद दिवसांत खरेदी झाली नाही म्हणून सॉफ्टवेअरने ते आपोआप पुसून टाकले होते.

“असू दे,” म्हणाल्या आणि निघाल्या. हाक मारून थांबवायला हवं होतं, पण त्या क्षणी सुचलं नाही. संध्याकाळी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, ती सेटिंग तशीच ठेवायची असते. त्यातच दुकानदाराचा फायदा आहे. बरेच लोक पॉइंट वापरतच नाहीत.”

म्हणजे काकूंकडचं आमचं येणं चार महिने वहीत जसंच्या तसं राहिलं. आणखी चार वर्षं आल्या नसत्या तरी राहिलं असतं. आमच्याकडचं त्यांचं देणं मात्र नव्वद दिवसांत बुडालं, आणि ते कुणी बुडवलं हे विचारायला समोर माणूसही नव्हता. दुसऱ्या दिवशी मी एकशे बारा रुपये घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी घेतले नाहीत, चहा दिला. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सांगलीत आमचं किराणा दुकान आहे. विश्रामबागेकडे जाताना लागणाऱ्या एका कॉलनीत, चौदा बाय अठरा फुटांचं. माल गणपती पेठेतून आणतो. सासऱ्यांनी सुरू केलेलं हे दुकान आता मी आणि माझे यजमान सांभाळतो. चार वर्षांपूर्वी बायपासच्या बाजूला मोठं मार्ट आलं, महिन्याची यादी भरणारी गिऱ्हाइकं तिकडे वळली, आणि आम्हीही इतरांसारखं लॉयल्टी कार्ड काढलं. आज राज्यातल्या जवळपास प्रत्येक गावात लहान दुकानदाराला कुणी ना कुणी अशी योजना विकत असतं. केक शॉप, मेडिकल, कापड दुकान, चष्म्याचं दुकान, सगळीकडे “नंबर सांगा, पॉइंट जमा होतील” सुरू आहे. म्हणून हा प्रश्न आमच्या एका दुकानापुरता उरलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: लॉयल्टी कार्ड ही भेट नाही, ती दुकानदाराने केलेली उधारी आहे. ती उधारीसारखीच पाळली पाहिजे, आणि ज्याला ती पाळायची नसेल त्याने कार्ड काढू नये.

किराणा दुकानदाराला उधारी शिकवावी लागत नाही. वहीत येणं काय आणि देणं काय, हे त्याला लहानपणापासून कळतं. गिऱ्हाइकाला दिलेला माल त्याच्या नावे पडतो, पैसे आले की जमा होतात. सासरे सांगायचे, घाऊक व्यापाऱ्याचं देणं आणि गिऱ्हाइकाचं येणं एकाच दिवशी वहीत चढलं पाहिजे, नाहीतर आपणच आपल्याला फसवतो. आता कार्डाचं बघा. “चार हजारांचा माल घ्या, ऐंशी रुपयांचा माल आमच्याकडून” असं आपण लिहून देतो. गिऱ्हाईक दोन हजारांचा माल घेऊन जातं, तेव्हा आपल्या डोक्यावर चाळीस रुपयांचं देणं चढलेलं असतं. ते आपण कुठे लिहितो? कुठेच नाही. गल्ल्यात आलेली सगळी रक्कम आपण आपलीच धरतो. वर्षाच्या शेवटी दीडदोनशे लोक भरलेली कार्डं घेऊन आले की “योजना परवडत नाही” म्हणून ओरडतो आणि अटी वाढवतो.

मोठ्या कंपन्यांना ही सवलत नाही. भारतीय लेखामानक ११५, म्हणजे उत्पन्न हिशोबात कसं दाखवायचं याचा नियम, त्यांना १ एप्रिल २०१८पासून लागू आहे. त्यानुसार गिऱ्हाइकाला दिलेल्या पॉइंटांच्या किमतीएवढी रक्कम त्यांना आजचं उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही, पुढे पुरं करायचं वचन म्हणून बाजूला ठेवावी लागते. पॉइंट वापरले गेले किंवा त्यांची मुदत संपली की मगच ती उत्पन्नात येते. हा नियम आमच्यासारख्या दुकानांना लागू नाही, पण त्यातलं तत्त्व आमच्या लाल वहीतलंच आहे. देणं आहे ते देणं म्हणून लिहा. लिहिलं की आपोआप एक गोष्ट होते: आपण किती वाटत सुटलोय ते दिसतं, आणि न परवडणारी योजना काढायची हिंमत होत नाही.

परवडण्याचा हिशोब उघड मांडते, कारण दुकानदार तो गिऱ्हाइकापुढे मांडत नाहीत आणि गिऱ्हाइकाला वाटतं की वाणी खोऱ्याने ओढतो. पाकीटबंद मालावर आम्हाला शंभराला आठ-दहा रुपये सुटतात. साखर-तेलावर दोन-तीन. भाडं, लाइट, पोराचा पगार, फाटक्या पोत्यांची तूट जाऊन हातात शंभराला चार-पाच राहतात. त्यातून पाच टक्के पॉइंट देतो म्हणणारा दुकानदार एकतर हिशोबात कच्चा आहे किंवा ते पैसे दुसरीकडून काढतोय. दुसरीकडून म्हणजे कुठून? साबणाच्या वडीवर किंमत छापलेली असते, त्याच्यावर एक रुपया घेता येत नाही. पण सुटी तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, रवा यांवर काही छापलेलं नसतं. किलोमागे चार रुपये चढवले तर कुणाला कळत नाही. कार्डाचा खर्च सुट्या मालात घातला जातो. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, मी फक्त लिहितेय. आणि सुटा माल जास्त कोण घेतं? अर्धा किलो डाळ, पाव किलो शेंगदाणे घेणारं गिऱ्हाईक. म्हणजे कार्डवाल्याच्या फुकट साबणाचे पैसे बिनकार्डवाला भरतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या कलम २(४७)मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते सांगितलं आहे. एकूण व्यवहारातून पूर्ण किंवा काही पैसे वसूल करूनही वस्तू फुकट देत असल्याचा भास निर्माण करणं, हे त्यात सरळ लिहिलेलं आहे. जाहीर केलेली भेट द्यायचा मनात हेतूच नसणं, हेही आहे. “फुकट” हा शब्द आम्ही दुकानदार किती सहज छापतो! माझ्या मते तो शब्द दुकानाच्या पाटीवरून जायला हवा. “परतावा” म्हणा. गिऱ्हाइकाच्याच पैशातला थोडा भाग परत जातोय, हे त्या शब्दात उघड होतं.

हे सगळं नवीन नाही. अमेरिकेत १८९६मध्ये स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने दुकानदारांना हिरवी तिकिटं विकायला सुरुवात केली. दुकानदाराने ती कंपनीकडून विकत घ्यायची, गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात द्यायची, गिऱ्हाइकाने घरी वहीत चिकटवायची, वही भरली की कंपनीकडून वस्तू घ्यायची. गावातल्या एका दुकानाने तिकिटं दिली तेव्हा गर्दी त्याच्याकडे गेली. दुसऱ्याने दिली, तिसऱ्याने दिली. सगळ्यांनीच दिल्यावर कुणाकडेच जादा गिऱ्हाईक जाण्याचं कारण उरलं नाही, तिकिटांचा खर्च मात्र सगळ्यांच्या मालावर चढून राहिला. निश्चित पैसे सुटले ते तिकिटं विकणाऱ्या कंपनीला. आज आमच्या दुकानात पॉइंटचं सॉफ्टवेअर घेऊन येणारा माणूस मला त्या कंपनीचाच वारस वाटतो. माझ्याकडून तो वर्षाचे सहा हजार घेत होता. शेजारच्या मेडिकलकडून घेत होता, समोरच्या बेकरीकडून घेत होता. आम्ही तिघं एकमेकांच्या भीतीने भरत होतो.

ब्रिटनमध्ये टेस्को या साखळी दुकानांनी १९६०च्या दशकात अशीच तिकिटं, ग्रीन शील्ड नावाची, द्यायला सुरुवात केली. १९७७मध्ये त्यांनी ती एका झटक्यात बंद केली आणि तिकिटांवर जाणारा पैसा भाव उतरवण्यात घातला. लोक पळाले नाहीत, उलट विक्री भराभर वाढली. मग त्याच टेस्कोने १९९५मध्ये क्लबकार्ड का आणलं? हा प्रश्न लहान दुकानदाराने स्वतःला विचारलाच पाहिजे. तिकिटाला माहीत नसतं की घेणारा कोण आहे. कार्डाला माहीत असतं. लाखो घरं काय खातात, कधी घेतात, काय घ्यायचं थांबवतात, हे त्यांना कार्डातून कळायला लागलं. हजारो चेहऱ्यांच्या गर्दीत ज्याला एकही गिऱ्हाईक ओळखता येत नाही, त्याला अशा कार्डाची गरज पडते. मला ती गरज कुठे आहे? कुणाच्या घरी साबुदाणा कोणत्या वारी लागतो, कुणाला शेंगदाणे खपत नाहीत, कुणाच्या घरी पाहुणे आलेत म्हणून चहापूड जादा गेली, हे मला गल्ल्यावर बसल्या बसल्या कळतं. मोठ्या दुकानाने जे मिळवण्यासाठी पैसा ओतला ते माझ्याकडे आधीपासून आहे. तरीही मी मोबाइल नंबर गोळा करत बसले होते.

नंबरचं जे झालं ते सांगायला जड जातं, पण सांगते. सॉफ्टवेअर घेतल्यावर प्रत्येक बिलाचा मेसेज गिऱ्हाइकाच्या नंबरवर जायचा. किती वाजता आलं, किती रुपयांचं बिल, पॉइंट किती. मला ते फार छान वाटलं होतं, आपलं दुकान मार्टसारखं दिसतंय असं. कॉलनीतली एक बाई आठवड्यातून तीन-चारदा यायची. कार्ड काढताना तिने नवऱ्याचा नंबर दिला होता, कारण पैसे तोच देतो आणि घरी कार्ड वगैरे त्याच्याच नावावर असतं. एक दिवस ती दुपारी, दुकानात कुणी नसताना आली. बरणीवरच्या झाकणावर बोट फिरवत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “वैनी, आमच्या ह्यांच्या फोनवर तुमचा मेसेज जातोय का? ते काढा की तेवढं.” मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, “रोज विचारतायत. काल एकशे साठ कशाचे? सोमवारी दोनदा कशाला गेलीस?” तिची आई मागच्या गल्लीत एकटी राहते. ही घरखर्चातून वाचवून आईला थोडा चहा-साखर, बिस्किटं पोचवत होती. तिच्या आयुष्यातली एवढीशी मोकळी जागा मी मेसेज पाठवून बंद केली होती.

मी नंबर लगेच काढला. पण आधीचे पंचवीस-तीस मेसेज त्या फोनवर होतेच.

खाजगीपणाचा विषय निघाला की लोकांना वाटतं, हे शहरातल्या शिकलेल्या लोकांचं खूळ आहे, गावात सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. मला उलट वाटतं. मुंबईत एखाद्या कंपनीला कळलं की कुणी तरी सॅनिटरी पॅड घेतले किंवा सिगारेटचं पाकीट घेतलं, तर त्या घरात काही होत नाही. इथे बिल नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, भावाच्या फोनवर जातं. चांगला वाणी पूर्वीपासून एक गोष्ट पाळत आला आहे: एका घरातल्या माणसाने काय नेलं ते त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय सांगायचं नाही. पॅड कागदात गुंडाळून द्यायची पद्धत मला आवडत नाही, त्यात लाजेचा भाग आहे. पण गल्ल्यावरचं गल्ल्यावर ठेवण्याची सवय मोलाची आहे. ती सॉफ्टवेअरला नाही, आणि ते विकत घेताना आपण तिचा विचारही करत नाही.

कायदा याबाबतीत गप्प नाही. मे २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं की बिल करताना मोबाइल नंबर देण्याचा आग्रह धरू नका, नंबर नाही म्हणून विक्री नाकारू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला दीड वर्ष दिलं आहे. या कायद्यात संमतीची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. ती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणापुरती, समजून-उमजून आणि बिनशर्त असली पाहिजे. सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे आपल्यासाठी मराठीत, मागण्याची सोय आहे. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे. आता गल्ल्यावरचं दृश्य आठवा. मागे चार माणसं उभी आहेत, पोरगा संगणकाकडे बघत “नंबर?” म्हणतो, आणि आपण तोंडाने दहा आकडे म्हणतो, मागचे चौघंही ते ऐकतात. यातलं काय मोकळेपणाने दिलेलं आहे? काय समजून दिलेलं आहे? लहान दुकानदाराला या कायद्याची भीती घालणारे सल्लागार आता फिरायला लागतील. मी म्हणते, भीती कशाला, नंबर घेऊच नका. जी माहिती आपल्याकडे नाही ती सांडत नाही, चोरीला जात नाही आणि कुणाच्या घरात भांडण लावत नाही.

धंद्यातले लोक मला सांगतात, नंबर नसेल तर दिवाळीची ऑफर कळवणार कशी? दारावर फळा लावा. आमच्या दारावरून रोज दोन-अडीचशे माणसं जातात आणि खडूने लिहिलेला गुळाचा भाव सगळे वाचतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो गिऱ्हाइकांकडून येतो. एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे नेहमी येतात. ते म्हणाले, “परताव्याची भानगड कशाला? दोन टक्के भावच कमी करा. कार्डवाला-बिनकार्डवाला हा भेद हवाच कशाला?” मी यावर बरेच दिवस विचार केला. मार्टच्या ताकदीने माल उचलता आला असता तर मी तेच केलं असतं. पण शंभराचा माल अठ्ठ्याण्णवला दिला तर सुट्या पैशांचा घोळ होतो, आणि सुट्ट्यांऐवजी गोळी हातावर ठेवणं हा आमच्या धंद्याला लागलेला आणखी एक डाग आहे. शिवाय दोन रुपये गिऱ्हाइकाच्या हातात उरत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी अर्धा किलो शेंगदाणे घरी गेले तर ते डब्यात दिसतात. परतावा देणं चूक नाही. इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये १८४४ साली विणकरांनी आपलं सहकारी दुकान काढलं, तेव्हा नफ्यातली शिल्लक ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत द्यायची असंच ठरवलं होतं. जगभरच्या ग्राहक सहकाराने तो नियम तिथून घेतला. तिथे परतावा मेहेरबानी नव्हती, हक्क होता, आणि हिशोब सगळ्यांसमोर होता. माझं दुकान सहकारी नाही, माझं आहे. तरी हिशोब समोर ठेवण्याचा तो भाग मला घेता येतो.

दोन भावांच्या बाबतीत मात्र शिक्षकांचं म्हणणं पूर्ण पटतं. एकाच वस्तूचा कार्डवाल्याला एक भाव आणि बिनकार्डवाल्याला दुसरा, ही पद्धत मोठ्या दुकानांतून आपल्याकडे सरकतेय. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने याची तपासणी केली. पाच सुपरमार्केटांमधल्या सुमारे पन्नास हजार वस्तूंचे कार्डभाव पाहून नोव्हेंबर २०२४मध्ये अहवाल दिला की ९२ टक्के वस्तूंवरची बचत नेहमीच्या भावाच्या तुलनेत खरी होती. म्हणजे सरसकट फसवणूक चालते असं म्हणणं चुकीचं आहे, आणि मी तसं म्हणत नाही. पण तिथे कुणीतरी हजारो वस्तूंचे भाव काढून तपासले म्हणून ते कळलं. आपल्याकडे सुट्या तूरडाळीचा कालचा भाव काय होता हे कोण तपासणार? जिथे तपासणारा नाही तिथे दोन भाव ठेवूच नयेत.

कार्डाने माणसाच्या मनावर काय होतं यावरही अभ्यास झालेत. अमेरिकेत २००६मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग गाडी धुण्याच्या केंद्रावरचा आहे. काही लोकांना आठ घरांचं कार्ड दिलं, काहींना दहा घरांचं, पण दोन घरांवर आधीच शिक्के मारून. दोघांनाही आठच वेळा गाडी धुवायची होती. पहिल्यांपैकी १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी. थोडी वाट आधीच सरलीय असं वाटलं की माणूस पाय उचलतो. सॉफ्टवेअरवाला मला हेच सांगत होता: “दोन शिक्के फुकट मारून द्या, मॅडम.” घरं वाढवून दोन शिक्के मारणं मला तराजूच्या पारड्याला बोट लावण्यासारखं वाटतं. द्यायचेच तर घरं न वाढवता द्या, म्हणजे गिऱ्हाइकाला खरंच दोन घरांचा लाभ होईल. आमच्या दुकानात पाडव्याला कार्ड सुरू करणाऱ्याला आम्ही तसं देतो आणि त्याचे चार रुपये त्याच दिवशी देणं म्हणून लिहितो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमचं पहिलं कार्ड पाचशे रुपयांच्या बिलावर एक शिक्का, असं होतं. सगळीकडे तसंच असतं. चार-पाच घरांची धुणीभांडी करून जाणारी एक बाई रोज संध्याकाळी येते. पावशेर तेल, दहाचा चहा, दोन अंडी, कधी अर्धा किलो तांदूळ. साठ-सत्तरच्या वर बिल जात नाही, कारण हातात रोज तेवढेच पैसे असतात आणि घरी तेल साठवायला डबाही मोठा नाही. तिने एकदा समोरच्या काकूंना शेंगदाण्याची पिशवी मिळताना पाहिली आणि मला विचारलं, “मी बी रोजच येती की, वैनी. मला न्हाई का ते कार्ड?” रात्री मी बेरीज केली. तिची महिन्याची खरेदी दोन हजारांच्या आसपास होती. त्या काकूंची अठराशे. जिची खरेदी जास्त तिला शिक्का शून्य. तेच तेल थोडं थोडं घेऊन तिला महाग पडतं, आणि परताव्यातूनही ती बाहेर. एकरकमी पैसा असणाऱ्यालाच निष्ठावान म्हणायचं हे त्या पाचशेच्या आकड्याने ठरवलं होतं. निष्ठा पाहायची तर पाऊस असो की सण असो, रोज दुकानाची पायरी चढणारी तीच होती.

तेव्हा आम्ही सगळं मोडून नव्याने केलं. सॉफ्टवेअर बंद केलं. छापखान्यातून जाड कागदाची कार्डं आणली, एकाला दोन रुपयेही पडले नाहीत. त्यावर चाळीस घरं. शंभर रुपयांना एक घर, आणि शंभरच्या आतल्या बिलासाठी मागच्या बाजूला पेन्सिलने चालू बेरीज. साठ लिहायचे, उद्या पंचेचाळीस आले की एक घर भरायचं आणि पाच पुढे ओढायचे. वेळ लागतो? लागतो, अर्धा मिनिट. घरात शिक्का आणि माझी किंवा यजमानांची सही. कार्डावर नाव नाही, फक्त क्रमांक. हरवलं तर शोधायला सोपं जावं म्हणून वहीत त्या क्रमांकापुढे गिऱ्हाईक सांगेल ते लिहितो. कुणी “पिवळा बंगला” लिहिलंय, कुणी “राणीची आई”. कुणी काहीच लिहायला सांगत नाही, तेही चालतं. मुदत नाही. कार्ड शेजारणीला दिलं तरी चालतं, सासू-सुनेने दोन वेगळी काढली तरी चालतं, आणि कोणी किती भरलं ते दुसरीला सांगितलं जात नाही. चाळीस घरं भरली की अर्धा किलो शेंगदाणे किंवा ऐंशी रुपयांचा कुठलाही माल, कार्डवर लिहिल्याप्रमाणे, दुकानदाराच्या मर्जीने नव्हे.

चार हजारांवर ऐंशी म्हणजे दोन टक्के. शेंगदाणे आम्हाला घाऊकमध्ये कमी भावात पडतात, म्हणून प्रत्यक्षात खर्च पावणेदोनच्याही आत येतो. सॉफ्टवेअरचे सहा हजार वाचले ते यातच वळवले. दर महिन्याच्या शेवटी बाहेर असलेल्या कार्डांवरच्या भरलेल्या घरांचा अंदाज काढतो आणि “कार्डावरचं देणं” म्हणून वहीत लिहितो. या ३१ मार्चला तो आकडा सहा हजार चारशे होता. तेवढे पैसे वेगळ्या डब्यात ठेवतो. धुणीभांडी करणाऱ्या त्या बाईचं आतापर्यंत तीन वेळा कार्ड भरलं. तिने एकदाही शेंगदाणे नेले नाहीत, तिन्ही वेळा तेल नेलं.

याने मार्टला गेलेली सगळी गिऱ्हाइकं परत आली का? नाही. आठ-दहा घरं आली, त्यातली काही मार्टमध्येही जातात. जावं. गिऱ्हाईक “बांधून ठेवणं” हा आमच्या धंद्यातला शब्द मला आता नकोसा वाटतो.

व्यापारी असोसिएशनच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एक जण म्हणाले, “वहिनी, चाळीस घरं मोजत कोण बसणार?” पण संघटना दिवाळीला बोनस किती द्यायचा, बंद कधी पाळायचा, याचे ठराव करतेच. मग हेही करावेत. कार्ड काढणाऱ्या सभासदाने पॉइंटला मुदत घालू नये. घालायचीच तर संपण्याआधी गिऱ्हाइकाला तोंडी किंवा कागदावर कळवावं. नंबर न देणाऱ्यालाही तेवढाच परतावा मिळावा. सुट्या मालाचे भाव रोज फळ्यावर लिहावेत, म्हणजे कार्डाचा खर्च डाळीत लपणार नाही. यातल्या एकाही गोष्टीला सरकारची वाट पाहावी लागत नाही. ग्राहक संघटनांनीही मॉलच्या पार्किंगपासून हॉटेलच्या सेवाशुल्कापर्यंत बरंच लढून मिळवलंय. त्यांनी पुसल्या जाणाऱ्या पॉइंटांचा प्रश्न हातात घ्यावा. रक्कम प्रत्येकाची लहान असते, शंभर-दीडशे, म्हणून कुणी तक्रार करत नाही. आणि कुणी तक्रार करत नाही याच भरवशावर ती सेटिंग आधीपासून लावून येते.

एक मुद्दा मी कुठेच चर्चेत ऐकलेला नाही. दुकान बंद पडलं तर? आमच्याच रस्त्यावर गेल्या दोन वर्षांत तीन दुकानांची शटरं कायमची खाली आली. त्यातल्या दोघांची कार्डं लोकांच्या पाकिटांत आहेत. माझ्याही आहे एक, सातपैकी सहा शिक्के असलेलं. दुकान बुडताना घाऊक व्यापारी आपलं येणं मागायला दारात उभा असतो, बँक असते, भाडेकरार असतो. कार्डवाल्या गिऱ्हाइकाचं नाव त्या रांगेत कुणी घेत नाही. आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: दुकान बंद करायचं ठरलं तर एक महिना आधी दारावर पाटी लावायची, “आपली कार्डं घेऊन या, जेवढी घरं भरलीत तेवढ्याचे दोन रुपयांप्रमाणे पैसे मिळतील.” घाऊक व्यापाऱ्याचा शेवटचा हप्ता फेडायच्या आधी तो डबा रिकामा करायचा.